रिकाम्या खोलीचे पैसे नसतात

मूल घरात असतं तोवर भत्ता. मूल गेलं की भत्ता बंद. इतका साधा हिशोब, पण फॉस्टर केअरर, म्हणजे सरकारने सोपवलेलं परक्याचं मूल काही काळ सांभाळणारी, होताना तो मला कुणी नीट समजावला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. पैशाचं विचारलं की लोकांना वाटतं, बाई पैशासाठीच करतेय. आमच्या मराठी मंडळींतल्या एकीने तर गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाचा द्रोण हातात धरूनच विचारलं होतं, "चांगले मिळत असतील ना गं, परक्याची पोरं सांभाळायचे?" मी म्हटलं, "हो ना, ग्लेन वेव्हर्लीच्या श्रीमंत वस्तीत बंगला बांधतेय." तिला ते खरंच वाटलं असावं, कारण पुढच्या वर्षी तिने वास्तुशांतीचं विचारलं.

आम्ही इथे परदेशात, क्लेटनला, भाड्याच्या छोट्या युनिटमध्ये राहतो, नवरा आणि मी. आम्हाला मूल नाही. दोन बेडरूम, त्यातली एक तिची. ती म्हणजे आठ वर्षांची पोरगी, इथलीच, गोरी, दम्याची, कोर्टाने काही काळ आईपासून लांब ठेवलेली. आली तेव्हा पोळी म्हणजे काय तेही तिला ठाऊक नव्हतं. वर्षभरात वरणभातावर तूप कमी पडलं की "मोअर तूप" म्हणून ताट पुढे करायला लागली. शाळेतून आली की मी रोज विचारायचे, "जेवलीस का?" मग डबा उघडून बघायचे, कारण उत्तर नेहमी "येस" असायचं आणि डबा नेहमी अर्धा भरलेला.

कोविड सुरू होता होता ठरलं, की आई आता सावरलीये, पोरगी परत द्यायची. व्हायला हवं तसंच होत होतं. मूल आईकडे परत जावं म्हणूनच तर हे काम असतं. तरी ती जाऊ नये असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

आणि मग मी आपल्यातली बाई जे करेल तेच केलं. लेक घरातून रिकाम्या हाताने जाते होय? नवं जॅकेट घेतलं, बूट घेतले, सायकल घेतली. शाळा घरूनच भरणार होती म्हणून लॅपटॉप घेतला. वर तिच्या आईला महिनाभर पुरेल एवढा किराणा. नवरा म्हणाला, "अगं, सासरी चाललीये का ती? आईकडेच चाललीये." मी म्हटलं, "तू गप्प बस." निघताना तिला कुंकू लावलं, ओंजळीत नारळ दिला. न्यायला आलेली बालकल्याण खात्याची केसवर्कर मास्कआडून कौतुकाने बघत राहिली. तिला वाटलं असणार, काय छान संस्कृती आहे. त्या संस्कृतीत आमची शिल्लक सगळी गेली होती.

गाडीत बसायच्या आधी पोरीने विचारलं, "माझी रूम कोणाला देणार?" हे सगळं इंग्लिशमध्ये. मी म्हटलं, "कोणालाच नाही. ती तुझीच आहे." तिने मान डोलावली, नारळ छातीशी धरला आणि गेली.

भत्ता लगेच थांबला. त्याच सुमारास विमानं थांबली आणि एअरपोर्टवर सामान चढवणारा माझा नवरा घरी बसला. त्याच्या कंपनीला सरकारी मदत लागू नव्हती म्हणे. मी एका छोट्या ऑफिसचे हिशोब बघायचे, त्या ऑफिसनेही हात वर केले. आणि अशात केसवर्करचा फोन. आईचं काही खरं दिसत नाही, पोरीला परत यावं लागेल कदाचित, तर खोली मोकळी ठेवाल का? दुसरं मूल सध्या तुमच्याकडे देत नाही.

"ठेवते की," मी म्हटलं. "पण मधल्या काळात काही मिळतं का?"

ती फार गोड आवाजात म्हणाली, "पैसे मुलाबरोबर जातात."

पैसे मुलाबरोबर जातात. बरं. भाडं मात्र मुलाबरोबर जात नाही, ते इथेच राहतं.

मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का तू? युनिव्हर्सिटी बाजूलाच आहे. नाशिकची एक मुलगी अडकून पडलीये, तिला रूम दे. तिचीही सोय, तुझंही भाडं निघेल." खरं होतं तिचं. पण घरात दुसरं मोठं माणूस आलं की नियमाप्रमाणे त्याची पोलीस तपासणी आली, आणि पोरीची खोलीही भरलेली. त्या मधल्या काळात पोरीसाठी फोन आला तर? मी नाही म्हटलं. मैत्रीण चिडली, नवराही चिडला. मग मी जे काम मिळत होतं ते घेतलं. वृद्धाश्रमात, आजी-आजोबांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. तिथे तेव्हा माणसं हवीच होती, कारण बाकीचे घाबरून सोडून चालले होते. मीही घाबरले होते. पण त्या पगारावर खोली टिकली. चादर मी दर रविवारी बदलायचे. तिच्यावर कोणी झोपलेलं नसायचं, तरी.

इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, आमच्या वृद्धाश्रमात कोविड शिरला. माझी टेस्ट निगेटिव्ह होती, म्हणून शिफ्टला जातच होते. आणि नेमका तेव्हा फोन आला. आई परत घसरली होती. पोरीला आज, आत्ता जागा हवी होती.

"आणा," मी म्हटलं. "खोली तयार आहे."

"घरात कोविडचा काही धोका?" तिने विचारलं. मी कुठे काम करते ते सांगितलं. ती म्हणाली, दम्याचं मूल आहे, आम्ही ही रिस्क घेऊ शकत नाही.

"अहो, मी त्या खोलीसाठीच हे काम करतेय!" मी ओरडले, चक्क मराठीत. मग इंग्लिशमध्ये परत ओरडले.

"आय अंडरस्टँड," ती म्हणाली. डोंबल तुझं अंडरस्टँड!

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. चौदा दिवस घरात बसते म्हटलं, दर दिवशी टेस्ट करते म्हटलं. तोवर पोरीला ट्रुगानिनाला पाठवलं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथलं जोडपं चांगलं आहे म्हणाले. आणि एकदा मूल स्थिरावलं की त्याला पुन्हा हलवत नाहीत, तेच मुलाच्या हिताचं असतं म्हणाले. बरोबरच आहे. बरोबर आहे म्हणूनच तर संताप येतो.

घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला तेव्हा बंदी होती. म्हणून एक व्हिडिओ कॉल ठरवून दिला. पोरगी स्क्रीनवर आली. केस कापलेले. अंगात जॅकेट मी दिलेलं नव्हतं. सायकलचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तिनेच विचारलं, "इज माय रूम स्टिल देअर?"

"आहे."

"कोणी राहतं का तिथे?"

"नाही गं. कोणी नाही."

"देन व्हाय कान्ट आय कम?"

सगळी उत्तरं माझ्याकडे होती, आणि त्यातलं एकही त्या वयाच्या पोरीला देण्याजोगं नव्हतं. तुझी खोली ठेवायला मी काम धरलं, त्या कामामुळे तू नाही येऊ शकलीस, हे कसं सांगायचं? शेवटी तोंडातून तेच निघालं, रोजचं.

"जेवलीस का?"

तिने पहिल्यांदाच मराठीत उत्तर दिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिनेच कॉल बंद केला.