शंख आणि थुंकीची डबी

निर्मळ मनाने जो देवापुढे उभा राहील त्याला देव रिकाम्या हाताने पाठवत नाही, असं आमच्या दत्तमंदिरातल्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे. या वाक्याला पाटीचा वरचा चतकोर भाग मिळाला आहे. खालची सगळी जागा देणगीदारांच्या नावांनी घेतली आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे कोरीव मजकुरावर माझा विश्वास जरा कमीच. तरीही मला जे सांगायचं आहे ते याच पाटीखाली घडलं, आणि त्या वेळी माझं मन निर्मळ नव्हतं. मी तिथे एक खोटं घेऊन उभा होतो. ते खोटं आहे हे मलाही नीट ठाऊक नव्हतं, एवढंच काय ते माझ्या बाजूने बोलता येईल.

बडोद्यात, प्रतापनगरच्या अलीकडे, जुन्या मराठी वस्तीत आमचं घर आहे. दर गुरुवारी आरतीनंतर देवळात शंख फुंकायचा मान आमच्या घराकडे आहे. वडील फुंकत, त्यांच्यामागे मी. लोक याला माझी भक्ती समजत. मी त्याला फुफ्फुसांचा व्यायाम म्हणत असे आणि घरी येऊन विश्वस्तांच्या भाषणाची नक्कल करून दाखवत असे. बायको, सुधा, हसायची नाही. ती म्हणायची, "अहो, देवळात जाताना चपला जशा बाहेर काढता, तशी ही जीभ पण काढून ठेवत जा."

गेल्या हिवाळ्यात मला खोकला लागला आणि तो गेला नाही. संध्याकाळी कणकण, पहाटे उशी ओली, आणि विजारीची नाडी दर आठवड्याला थोडी जास्त ओढावी लागे. शंख फुंकायला छातीत हवा पुरेना. दाढ काढली आहे, असं मी पुजारीबुवांना सांगितलं. दाढेची सबब इतकी लांबली की बुवा एकदा म्हणाले, "एवढ्या दिवसांत कवळी बसली असती." शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, तो खिडकीशी धरला आणि वरच्या बाजूला असलेल्या एका धूसर डागावर बोट ठेवलं. ते बोट तिथून लवकर हलेना.

"थुंकीची तपासणी करून घ्या," ते म्हणाले. "रिपोर्ट घेऊन माझ्याकडे या. घरात लहान मूल नाही ना?"

होतं. म्हणजे येणार होतं. आमची मुलगी मुग्धा भरूचला सासरी बाळंत झाली होती आणि शनिवारी बाळाला घेऊन आमच्याकडे यायची होती. बारसं इथेच ठरलं होतं. सुधाने लहरीपुऱ्याच्या बाजारातून पाळण्याला बांधायला झालरी आणल्या होत्या, दुपटी धुऊन दोनदा उन्हात घातली होती. डॉक्टर म्हणाले, "मग रिपोर्ट समजल्याशिवाय बाळाच्या जवळ जायचं नाही. इतक्या कोवळ्या जिवाला हे फार महागात पडतं." मी मान हलवली आणि घरी येऊन सुधाला सांगितलं की ॲलर्जी आहे.

मला त्या आजाराची भीती कमी आणि लाज जास्त वाटत होती, हे लिहिताना अजूनही कान तापतात. पुस्तकांतून मी क्षयाविषयी बरंच वाचलं होतं. पण पुस्तकात तो दुसऱ्याला होतो. आपल्याला झाला की पहिला विचार येतो तो शेजारच्यांचा. म्हणून जवळची लॅब सोडून मी थेट फतेगंजला गेलो, जिथे विद्यापीठाची मुलं आणि फौजी सोडून मला ओळखणारं कोणी भेटणार नाही. काउंटरवर डबी घेऊन गच्चीकडे निघालो तर जिन्यातच कोकिळाबेन भेटल्या. या आमच्या अगदी समोरच्या घरातल्या. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता, तो गेल्यापासून एकट्या राहतात, आवाज मात्र भरल्या घराचा आहे. आमच्या आरतीला नेमाने येतात, कारण त्यांच्या मते मराठी लोकांचा देव वेळेवर जेवतो. त्या दिवशी साखर तपासायला आल्या होत्या.

"मास्तर! तुम्ही इथे?"

"कोलेस्टेरॉल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातल्या रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सारूं," म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्या उतरून गेल्या.

काउंटरवरच्या मुलीने मला नीट सांगितलं होतं. तिच्यावर ठपका नाही. "काका, थुंकी नको. खोल श्वास घेऊन खोकायचं, छातीतला कफ हवा. मागच्या गच्चीवर मोकळ्या हवेत जा. दुसरी डबी घरी न्या, उद्या उठल्या उठल्या तसंच करा." गच्चीवर गेलो तर बाकावर दोन बायका आणि एक कॉलेजची मुलगी बसलेली. आता आमच्या घराचं वळण सांगायला हवं. आमच्याकडे खाकरणं हा गुन्हा होता. सकाळी अंगणात उभं राहून घसा साफ करणाऱ्या माणसाला आई जनावरांत धरायची. त्या वळणाचा मी साठ वर्षांचा निष्ठावंत. बायकांसमोर छातीतून ओढून कफ काढणं मला जमेना. मी पाठ वळवली, तोंडात जमेल ती लाळ जमू दिली, आणि श्रीखंड वाढावं तशी अलगद डबीत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, सुधाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडून, पुन्हा तेच. दोन्ही डब्या अतिशय स्वच्छ दिसत होत्या. मला त्यांचा थोडा अभिमानच वाटला.

गुरुवारी दुपारी रिपोर्ट आला. मी चष्मा पुसला आणि सगळ्यात खालची ओळ वाचली : जंतू आढळले नाहीत. निगेटिव्ह. वरती आणखी काही ओळी होत्या, पण शेवटची ओळ आपल्या बाजूने असली की वरचं कोण वाचतो? विद्यार्थ्यांना मी जन्मभर सांगितलं, मूळ कागद पूर्ण वाचा. आणि रिपोर्ट घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तिकडे मी गेलोच नाही. निगेटिव्ह या शब्दाचा अर्थ मला येत होता.

त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली होती, तीही सांगतो. रिपोर्टची वाट पाहताना मी देवाला नवस बोललो होतो. चांगला रिपोर्ट येऊ दे, गुरुवारी सगळ्यांसमोर शंख फुंकीन. जन्मभर नवसांची टिंगल करणाऱ्या माणसाने हे मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता केलं, कारण लाज होतीच. देवाने ऐकलं, असं मला खरंच वाटलं. इतकं वाटलं की संध्याकाळी पेढे घेऊन मी सुधाच्याही आधी देवळात पोहोचलो.

आरती झाली. बुवांनी शंख पुढे केला आणि मोठ्याने विचारलं, "दाढ काय म्हणते?" लोक हसले. मी शंख ओठांना लावला, डोळे मिटले, आणि कित्येक आठवड्यांत घेतला नव्हता इतका खोल श्वास घेतला. पोटाच्या तळापासून. नाद आला नाही. खोकला आला. तो आल्यावर थांबेना. मी शंख बुवांच्या हातात कसाबसा दिला, खांबाला धरून वाकलो, आणि माझ्या आतून, जिथे मी कोणाला डोकावू दिलं नव्हतं तिथून, एक घट्ट, पिवळट गोळा वर आला. तो मी उपरण्यात घेतला. त्यात रक्ताची एक तार होती.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. डबीत मी जे दिलं होतं ते हे नव्हतं, एवढं समजायला रिपोर्ट लागत नव्हता.

कोकिळाबेन पुढे आल्या. त्यांनी उपरण्यात डोकावलं, आणि कुजबुजणं त्यांना येत नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मास्तर, कोलेस्टेरॉलच्या डबीत हे टाकायचं होतं ने? आमच्या एमना, माझ्या नवऱ्याला, हीच बीमारी झाली होती, मी ओळखते. बरी थाय छे, गभराशो नहीं. पण आधी मोकळ्या हवेत चला, आणि तोंडावर रुमाल!"

सुधा माझ्या मागेच उभी होती. आम्ही घरी आलो. पाळण्याच्या झालरी पलंगावर पडल्या होत्या, त्या घडी करता करता तिने विचारलं, "अहो, मला सांगायला काय झालं होतं?" मी उपरणं कागदात गुंडाळत राहिलो. मग ती म्हणाली, "परवा मुग्धा तुमच्या हातात बाळ देणार होती." ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गच्चीवर गेलो, चूळ भरली, शंखासाठी घेतात तसा श्वास घेतला आणि खाकरलो. समोरच्या, बाजूच्या, सगळ्या खिडक्यांना ऐकू गेलं असेल. नवी डबी घेऊन डॉक्टरांकडे गेलो, जुना रिपोर्टही पुढे ठेवला. त्यांनी माझी आवडती ओळ सोडून वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, नमुना : लाळ.

"तुमच्या लाळेत जंतू नाहीत, एवढंच हा कागद सांगतो," ते म्हणाले. "छातीबद्दल तो काहीच बोललेला नाही. तुम्ही त्याला विचारलंच नाही."

या वेळी त्यांनी कफ जनुकीय तपासणीलाही पाठवला. तिचा निकाल त्याच संध्याकाळी आला. त्यावर दोन ओळी होत्या : क्षयाचे जंतू आढळले, मुख्य औषधाला न जुमानणारी लक्षणं आढळली नाहीत. मी धडा शिकलो होतो, त्यामुळे या वेळी स्वतः अर्थ लावला नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "पहिली ओळ म्हणजे आजार आहे," ते म्हणाले. "दुसरी म्हणजे साध्या गोळ्यांनी जाईल. सहा महिने, एकही दिवस न चुकवता. देवाला पेढे ठेवायचे असतील तर या दुसऱ्या ओळीसाठी ठेवा." पेढ्यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. बडोदे एवढंच आहे.

मुग्धाला फोन मीच केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी औषध घेतलंत का?" शनिवारी ती आली, पण आमच्याकडे उतरली नाही. कोकिळाबेननी आपल्या घराचा वरचा मजला झाडून ठेवला होता आणि कोणाला विचारलंही नव्हतं. सुधाची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली, मग तीही तिकडे गेली. बारसं समोरच्या घरात झालं. मी आमच्या गच्चीवर मास्क लावून उभा होतो. पाळणा म्हणणाऱ्या बायकांचा आवाज रस्ता ओलांडून येत होता. नाव ठेवल्यावर मुग्धा खिडकीशी आली आणि तिने बाळाला माझ्याकडे तोंड करून धरलं. बाळ झोपलेलं होतं. त्याला काहीच गमावल्यासारखं वाटत नसावं. मी मात्र मास्कच्या आत इतका रडलो की तो बदलावा लागला.

देवळात मी स्वतः जाऊन, पायरीच्या बाहेर उभा राहून, बुवांना आणि मंडळींना आजाराचं नाव घेऊन सांगितलं; कोणाला खोकला असेल तर तपासून घ्या म्हटलं. काही जण दोन पावलं मागे सरले, ते योग्यच होतं. बुवांनी शंख आधी गोमूत्राने धुतला, मग साबणाने. अशा रीतीने दोन्ही पक्षांचं समाधान झालं.

त्या संध्याकाळी काय झालं, यावर मी वाद घालणार नाही. खोल श्वास घेतला की कफ सुटतो, हे डॉक्टरांनी मला समजावलं आहे आणि ते मला पटतं. पण मी तो श्वास लॅबच्या गच्चीवर घेतला नव्हता, घरच्या नळाशी घेतला नव्हता. शनिवार दोन दिवसांवर असताना देवापुढे घेतला, तोही खोट्या निकालाचे आभार मानायला. मी मागितलेलं त्याने दिलं नाही. ते दिलं असतं तर मी बाळाला छातीशी धरलं असतं. त्याने माझ्याकडून, चारचौघांत, मला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटत होती तेच काढून घेतलं. शरण जाणं म्हणजे हात जोडून दिसायला बरं असेल ते पुढे करणं, असं मी धरून चाललो होतो. बहुधा तेच मी डबीतही केलं होतं. आता आरतीला उभा राहिलो की मला फारसं काही मागायचं सुचत नाही. आभार मात्र मानतो, आणि ओठ हलवून मानतो.

औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, तपासून आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, बाळ माझ्या हातात आलं. सहा महिने पुरे झाल्यावर शेवटच्या तपासणीला मी पुन्हा फतेगंजला गेलो. डॉक्टर म्हणाले होते, येईल ते द्या, बऱ्या माणसाच्या छातीतून पुष्कळदा काही निघत नाही. पण मला आता कोणापुढे मागे राहायचं नव्हतं. बाकावर माणसं असताना मी पोटातून श्वास घेतला आणि असा खाकरलो की एक गृहस्थ उठून आत गेले. दोनदा, तीनदा प्रयत्न केला. संध्याकाळी रिपोर्ट आला. या वेळी वरून खाली, एकेक ओळ वाचली.

नमुना : लाळ.