पुसून बघायची रीत

कृष्णातच्या शेजारी कोणीतरी बसलं होतं, ही गोष्ट शेवंताबाईंच्या मनातून जात नव्हती. रविवारी बंगळूरहून त्याचा फोन आला. शेजारच्या वकिलांकडून हाक आली तशा त्या लगबगीने गेल्या, रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून लेक म्हणाला, "आराम अदीनि, अव्वा."

बरा आहे म्हणून सांगत होता, पण कानडीत. बेळगावात कानडी सगळ्यांनाच येते. बस स्टँडवर, कचेरीत लागतेच. घरात आईशी मात्र तो जन्मात कधी कानडी बोलला नव्हता.

"बंगळूरच्या पाण्यानं जीभ वळली असंल," त्यांचे यजमान भीमाप्पा म्हणाले. "उद्या इंग्लिशमधनं बोलंल. मग काय करशील गं?"

शेवंताबाई हसल्या नाहीत.

भीमाप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होते. शेवंताबाई लग्नानंतर बी. ए. झाल्या, शाळेत लागल्या, आणि बिऱ्हाड टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत आलं. एकुलता एक कृष्णात गणितात पुढे. एम. एस्सी. होऊन तो बंगळूरच्या एका सरकारी संस्थेत संगणकाच्या कामाला लागला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. तिथल्या यंत्रात वरच्या साहेबांच्या गुप्त फायली असत आणि खालच्या कारकुनांचं रोजचं कामही त्याच यंत्रावर चाले. वरचं खाली झिरपत नाही, हे गणिताने सिद्ध करायचं काम त्याच्याकडे होतं.

"चालवून बघितलं की झालं ना?" शेवंताबाईंनी एकदा विचारलं होतं.

"बघितलं तेव्हा गळलं न्हाय, एवढंच कळतंय त्यानं. आई, वरचा माणूस पुसून टाकायचा. त्यानं जे काय केलं ते केलंच न्हाय असं धरायचं. तरीबी खालच्याच्या पडद्यावर अक्षरन् अक्षर तेच दिसलं पाहिजे. जरा फरक पडला, तर गळती हाय."

"आमचा मालक दर कधी सांगायचा न्हाय," भीमाप्पा मध्येच म्हणाले. "पण भाव चढला की मुनीम त्या दिवशी आमच्यावर खेकसायचाच न्हाय. आम्ही काय ते वळखायचो."

"आप्पा, तुम्हाला घेतो आमच्या हापिसात," कृष्णात पोट धरून हसला होता.

अशीच एक गळती त्याला मागच्या उन्हाळ्यात सापडली. वरच्याने मोठी फाइल ठेवली की खालच्याला 'जागा शिल्लक नाही' असा निरोप येई. दिसायला क्षुल्लक. पण जागा भरत आणि मोकळी करत वरचा कोणीही, खुणेमागून खूण, हवं ते खाली कळवू शकला असता. सिद्ध होत नाही, असं कृष्णातने लिहून दिलं. यंत्र ज्यांच्या ताब्यात द्यायचं होतं त्यांना तारीख देऊन झाली होती. साहेब चिडले. पुढे काही गुप्त मजकूर बाहेर फुटला, तेव्हा त्यांनी त्यालाच धरलं: ही वाट तुला एकट्यालाच कशी माहीत? रोज चौकशीला बसवू लागले. दिवाळीत हे सांगताना त्याने ताटावरची मान वर केली नव्हती. सुटीवरून परत गेल्यापासून तर त्याला संस्थेबाहेर सोडतच नव्हते.

रविवारी तो कानडीत पुढे म्हणाला होता की बुधवारी सही करतो. यंत्र निर्दोष आहे, आपलाच अहवाल चुकला होता, असं लिहून द्यायचं. मग घरी सोडतील.

सोमवारी वर्गात फळा पुसता पुसता शेवंताबाईंचा हात थांबला. फोनजवळचा माणूस त्यांनी मनातल्या मनात पुसून टाकला. खोलीत कृष्णात एकटा आहे असं धरलं. मग तो मराठीत बोलला असता. आप्पांचा खोकला विचारला असता. सहीचं नाव काढताना एखादी शिवी तरी हासडली असती. यातलं काहीच झालं नव्हतं. म्हणजे तिथे माणूस होता, आणि त्याला समजेल असंच पोराला बोलावं लागत होतं. सहीचं बोलणंही त्या माणसासाठीच होतं; सही करायचं पोराच्या मनात नव्हतं.

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं.

"असू दे की," भीमाप्पा म्हणाले. "करू दे सही. पोरगं घरला येतंय न्हवं?"

"आणि परत काही फुटलं तर? निर्दोष म्हणून कोणी लिहून दिलं ते बघतील. याचंच नाव निघेल."

"न्हाय केली तरी अडकवतीलच."

"अडकवतील. तुरुंगातही टाकतील कदाचित. पण केली तर खोटं त्याच्या हातचं होईल, आणि मग त्याला सोडवायला कुणाला काही बोलता यायचं नाही."

भीमाप्पा बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "त्येला घरला ये म्हणून सांग गं. मला दुसरं काय कळत न्हाय."

मंगळवारी शेवंताबाईंनी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि पर्स उचलली. वकिलांच्या घरून नको, त्यांनाही त्रास. तार ऑफिसातून अर्जंट ट्रंक कॉल लावायचा, थेट त्या संस्थेच्या नंबरावर.

"काय सांगणार?" भीमाप्पांनी विचारलं.

"सही करू नको म्हणणार. कानडीतच बोलणार आहे. शेजारी जो बसलाय, त्यालाही कळू दे."