निलूच्या रॅममधले नऊ सेकंद

आधीच सांगतो, माझा भुताखेतावर काडीचा विश्वास नाही. कसा असणार? आमच्या गल्लीतलं भूत मीच होतो. शाळेत असताना दिवेलागणीला पाण्याच्या टाकीमागं बसून बायकी आवाजात रडायचो. लोक नारळ ठेवून जायचे, तो फोडून आम्हीच खायचो. ज्यानं स्वतःच्या घशातून भूत काढलं, त्याला दुसऱ्याचं भूत काय भिववणार... तरी हे झालं. जसं झालं तसं लिहितो. माणसांचं बोलणं मात्र आमच्याकडचंच ठेवतो. पुणेवाल्यांनी आधी हसून घ्या, मग वाचा.

गाव मोताळा, जिल्हा बुलढाणा. दोन खोल्या, पुढं ओटा. घरात बाबा, आई आणि मी. बाबा सरकारी ऑफिसात क्लार्क होते, मागच्या उन्हाळ्यात रिटायर झाले. मी नकला करतो. कंडक्टर, हेडसर, लग्नात माइक टेस्ट करणारा, थंडीत चालू न होणारी मोटारसायकल — सगळं जमतं. एकच माणूस जमत नाही. बाबा.

बाबा बोलायच्या आधी जिभेनं बारीक 'च्' करतात, मग श्वास घेतात, मग म्हणतात, "बरं मंग..." तो 'च्' मला कधी सापडला नाही. निलूला सापडला.

निलू म्हणजे निलेश, माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचे बाबा तो लहान असतानाच वारले. कॉलेजची तीन वर्षं तो आमच्याकडंच राहिला. आता धामणगाव बढ्याला त्याचं ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्यानं बाबांचा आवाज काढला की आई स्वयंपाकघरातून "आली हो" म्हणायची, आणि बाबा खोकला येईपर्यंत हसायचे. माझ्या नकलेवर बाबांचा एकच शब्द — "बरं." दहावीच्या निकालालाही "बरं"च होतं.

बाबांच्या निरोप समारंभाचं ठरवायला ऑफिसवाले घरी आले. चहा पिता पिता एक जण म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या पुतण्याले बोलवा ना. तुमची नक्कल लय भारी करते तो."

मी समोरच बिस्किटाची प्लेट धरून उभा. बाबा हसले, म्हणाले, "बोलवतो ना." मी प्लेट तशीच आत घेऊन गेलो.

त्याच दिवशी ठरवलं, व्हिडिओ बनवायचा. पडद्यावर बाबांचे जुने फोटो, मागं बाबांच्या आवाजात मी. समारंभात निलू नकलेला उठायच्या आधी माझं वाजलं पाहिजे. पण घरचा कॉम्प्युटर चार जीबी रॅमचा. तीन फोटो टाकले की फिरतं चाक यायचं आणि फिरतच राहायचं.

कॉम्प्युटरचा डबा उचलून शकीलभाईच्या रिपेरिंगच्या दुकानात नेला. त्यानं कव्हर काढलं, फुंकर मारली. आमची धूळ त्याच्या चहात गेली.

"स्लॉट एक खाली हाये. पण तुह्या बोर्डाले डीडीआर थ्रीची रॅम लागते."

मी काचेमागची रॅमची चकचकीत पट्टी दाखवली. "हे टाका ना."

"अबे ते फोर हाये. खाच पाह्य, दुसऱ्या जागी हाये. दाबून बसवली तं बोर्ड जाईन." मग म्हणाला, "थ्रीची नवी माह्याजवळ नाई. निलेशभाऊले विचार. त्यानं आत्ताच मशीन बदललं, आठ जीबीची पट्टी तशीच पडून असन."

घ्या. निलूला हरवायला निलूचीच पट्टी. दोन दिवस मी फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी धामणगावची गाडी पकडली.

निलूनं ड्रॉवर उघडला, पोळीच्या चंदेरी कागदात गुंडाळलेली पट्टी काढली. "महिना झाला काढून. ने बे, घरचंच हाये. कायले लागते?"

"कायले नाई. गेम."

"काका कसे हायेत?"

माझे बाबा कसे आहेत ते तो इतक्या मायेनं विचारायचा ना... मी "बरे" म्हणालो आणि निघालो.

दुपारी घरी बसलो. बाबा ऑफिसात, आई ओट्यावर तूर निवडून राह्यली होती. वायर काढली, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज घालवली, खाच जुळवली आणि पट्टी दाबली. चालू केलं तर नुसतं पीं... पीं... पीं. शकीलभाईला फोन.

"खोडरबर घे. पट्टीचे सोनेरी दात घास. शाळेत चूक पुसतं ना, तसं."

मी म्हणालो, "भाऊ, याच्यातलं आधीचं काही पुसलं तं जाणार नाई ना?"

तो खो खो हसला. "अबे, रॅममधी काही राहातच नाई. लाईट गेली की कोरी पाटी. हार्डडिस्क याद ठेवते, रॅम नाई."

खोडरबरनं घासली, पुन्हा दाबली. दोन्ही क्लिपा टक्क वाजल्या. कॉम्प्युटर असा पळायला लागला की मीच लाजलो. माइक लावला आणि पहिलंच वाक्य रेकॉर्ड केलं, "बरं मंग... बसा सगळे." 'च्' नव्हताच, नेहमीसारखा. बंद केलं आणि ऐकायला लावलं.

माझा आवाज आला. मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग 'च्'. मग श्वास. आणि मग —

"जमलं रे निलू."

बाबा. नक्कल नाही, बाबा.

ओट्यावरून आईचा आवाज आला, "आज लवकर काऊन आले हो?" तिनं वळून दारातल्या चपला पाहिल्या. बाबांच्या नव्हत्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी माझ्या हातांकडं.

बाबांना फोन लावला. ते ऑफिसातच, कागदांचा ढीग उरकत होते. म्हणाले, "आता फोन काऊन केला?"

मग मी सगळं करून पाहिलं. पट्टी काढून रेकॉर्ड केलं, लावून केलं. दहा वेळा, वीस वेळा. पुन्हा काही आलं नाही. ती एकच फाईल, नऊ सेकंदांची. शकीलभाईनंही ऐकली. त्यानं पुन्हा एकदा लावली. मग म्हणाला, "माइक तुहा, डिस्क तुही. त्याची फक्त रॅम. अन् रॅममधी आवाज राहात नाई भाऊ. मी चौदा वर्षं झाले हेच काम करून राह्यलो."

मला भीती नाही वाटली, खरं सांगतो. जळजळ झाली. म्हणजे निलूच्या दुकानात बसून बाबा कधीतरी त्याला "जमलं" म्हणाले होते. मला आयुष्यभर "बरं", आणि त्याला "जमलं रे".

व्हिडिओ केलाच नाही. समारंभात निलूचं नाव पुकारायच्या आधी मीच उठलो आणि समोर जाऊन बाबांचा आवाज काढला. 'च्' चुकला. लोक हसले, थोडं सांभाळून घेतल्यासारखे. बाबा हसले नाहीत. मग निलू उठला, तेव्हा मात्र बाबा डोळे पुसेपर्यंत हसले.

जेवणाच्या रांगेत बाबा माझ्या मागं येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "जीभ मागं ने थोडी. मंग येईन तो आवाज." आणि वरण घ्यायला पुढं गेले.

निलू शेजारीच होता, त्यानं ऐकलं. हात धुताना म्हणाला, "तुहं बरं हाये बे."

"काय बरं हाये? तुह्यावर हासले ते."

"हासतेच ना. पाव्हण्यावर हासल्यासारखे. माह्यी चूक कधी दाखवली का त्याईनं? चूक तं आपल्या पोराची दाखवते माणूस."

मी नळ बंद केला. विचारलं, "तुले कधी 'जमलं' म्हनलं बाबांनी? तुह्या दुकानात वगैरे?"

तो हसला, पण कसनुसा. "काका दुकानात आलेच नाई कधी. अन् 'जमलं'... तेवढंच तं ऐकाचं राह्यलं बे. तीन वर्षं तेवढ्यासाठीच त्याईचा आवाज काढला मी. काऊन?"

"काही नाई. असंच."

बाबांनाही आडून-आडून विचारलं. ते म्हणाले, "निलूले? नाई बा. म्हनायले पाह्यजे होतं."

मग ते नऊ सेकंद बोलले कोण, कधी, कुठं... मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. 'रेकॉर्डिंग उरलं असेल' हे सांगू नका, ते सगळं तपासून झालंय.

फाईल अजून आहे. निलूला ऐकवली नाही. ऐकवायला पाहिजे, कळतं मला. दर वेळी भेटला की ठरवतो, आणि दर वेळी गेमबद्दल बोलतो.

मी मात्र रोज ऐकतो. पूर्ण नाही. आठव्या सेकंदाला थांबवतो. 'च्'... श्वास... "जमलं रे" —

तिथंच.