मामाचा शब्द

काल जुन्या फाईलीत कार्बन पेपर सापडला आणि त्याच्या वासासरशी डिचोलीचा टायपिंग क्लास आठवला. तिथे मुळगावची माझी मैत्रीण न बघता टाईप करायची; माझ्या प्रत्येक ओळीत चूक. खाणीच्या ऑफिसातल्या एकाच जागेसाठी आम्ही दोघींनी परीक्षा दिली. माझ्या मामाने साहेबांकडे शब्द टाकला आणि जागा मला मिळाली. तिला सांगायला गेले तेव्हा ती अंगणात भाजलेले काजू फोडत होती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. “रडतंस कित्याक गो? पयल्याच पत्रात चुकू नको म्हणजे झाला,” ती म्हणाली, आणि लग्न होऊन सावंतवाडीकडे जाईपर्यंत रोज संध्याकाळी मला शिकवत राहिली. मी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. इतकी पत्रं टाईप केली, तिला मात्र एकही लिहिलं नाही. आता फार लिहावंसं वाटतं, पण तिचा पत्ता सांगेल असं ओळखीचं कुणीच उरलेलं नाही.