इखाची बादली

"औषध म्हणू नका, इख म्हणा," हे फवारणीच्या औषधाबद्दल जिवनबाईचं कायमचं बोलणं. सिद्धेश्वर गावाच्या अलीकडच्या तांड्यात ती राहते. दहा वर्षांमागं कपाशी फवारताना तिचे यजमान शंकरसिंग त्याच विषानं सरीतच कोसळले. जीव वाचला, पण हातांचं थरथरणं गेलं नाही. तेव्हापासून त्यांना घास तीच भरवते.

परवा सकाळी शेजारच्या रानात तातेराव उघड्या हातानं बादली ढवळताना तिला दिसले. बांधावर त्यांची बायको शालूबाई न्याहारीचं फडकं सोडून बसली होती.

"काय कालवून राहिले, भाऊ?"

"कपाशीला औषध."

"औषध व्हय? मग घ्या की घोटभर. खोकला तरी जाईन."

तातेराव हसले. "कायबी बोलता, बाई!"

"मग हात काहून घातला? याच हातानं भाकर मोडणार न्हाई का?"

तातेरावांचं हसू ओसरलं. हात बाहेर आला. जिवनबाईनं ओढणीच्या गाठीतून साबण सोडला आणि त्यांना कोपरापर्यंत दोनदा धुवायला लावलं. बाटलीसंगं आलेले हातमोजे पिशवीतच पडून होते, ते काढून दिले. ढवळायला निंबाची काठी मोडली. मग चिमूटभर माती सोडून वारा पाहिला.

"वारं पाठीला घेऊन चाला. तोंड बांधा."

ती निघाली, तेव्हा मागून तातेरावांचा आवाज आला, "शालू, इखाची बाटली लेकरांच्या हाताला लागू देऊ नको!"

जिवनबाई वळली नाही, पण तिची चाल जराशी हळू झाली. तुरीच्या ओळींतून तिची ओढणी दिसेनाशी होईपर्यंत तातेराव आणि शालूबाई पाहत उभे होते.