सही राहिलेला दाखला

मोहिद्दीन नदाफ वारला, तेव्हा म्हसवडचे दोघे-तिघे औंधला नाथाजी घार्ग्यांच्या घरी त्याच्याबद्दल विचारायला आले. अठरा वर्षं तो तुमच्या हाताखाली होता, तुम्हालाच जास्त ठाऊक, असं म्हणाले. त्याला मुलं किती, हे नाथाजींना ठाऊक नव्हतं. बायकोचं नाव जैनब हे ठाऊक होतं, तेही कधीमधी फोन ती उचलायची म्हणून. त्याचं घर त्यांनी आतून एकदाही पाहिलं नव्हतं.

ठाऊक होतं ते त्याचं काम. चालू बोर्डात हात घालताना तो दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा स्वतः खणायचा, मीठ आणि कोळसा थरांनी भरायचा आणि घरमालकाला बजावायचा, की उन्हाळ्यात झाडांच्या आधी ह्याला पाणी घाला.

नाथाजी फौजेत वीजतंत्री होते. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांनी वीज ठेकेदाराचा परवाना काढला. नव्या घराला मीटर हवा, तर वायरिंग सुरक्षित असल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्यावर परवाना असलेल्या ठेकेदाराचीच सही चालते. सही नाथाजींची, भिंतीला खाचा पाडायच्या, पाइप बसवायचे, तारा ओढायच्या त्या मोहिद्दीननं. पहिली दोन वर्षं नाथाजी प्रत्येक घर फिरून बघत. पुढं गुडघे दुखायला लागले आणि ते कोऱ्या रिपोर्टांचा गठ्ठाच सह्या करून देऊ लागले.

मोहिद्दीनकडं स्वतःचा तारतंत्री, म्हणजे वायरमनचा, परवाना नव्हता. परीक्षेला बसायचं, तर ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला लागतो. तो द्यायचं नाथाजींनी कबूल केलं होतं. दर साली ते पुढच्या सालाचं नाव काढत. शेवटी एका साली मोहिद्दीन अर्ज भरून, फोटो चिकटवूनच औंधला आला. दाखलाही टाइप करून आणला होता.

"आवं सुभेदार, तुमची तेवढी सही ऱ्हायलीया," तो म्हणाला. "घराला रंग दिला तवा परवान्याच्या फ्रेमीपुरती भित मोकळी सोडलीया म्या. पोरं हसत्यात मला."

सोमवारी अर्जाची मुदत संपत होती. नाथाजींनी त्याला कागद ठेवून जायला सांगितलं. रविवारी येऊन ने, म्हणाले. सही करायचं त्यांच्या मनात होतं, हे खरं.

मधल्या शनिवारी औंधातच एका निवृत्त मास्तरांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. वायरिंग मोहिद्दीनचं, रिपोर्ट नाथाजींचा. जेवणाआधी मास्तरांनी रीतीप्रमाणे घर उभं करणाऱ्यांना पुढं बोलावलं. गवंड्याला टॉवेल-टोपी दिली, सुताराला दिली. मग मास्तर म्हणाले, आता आमच्या घरात उजेड आणणारा माणूस. नाथाजी टोपी सारखी करून अर्धे उठले. मास्तरांनी मोहिद्दीनला हाक मारली.

"बसा, सुभेदार," शेजारचे तानाजी म्हणाले. "तुमी एक तार तरी वढली व्हती व्हय?"

पंगतीतली माणसं हसली. नाथाजीही हसले. मोहिद्दीननं टोपी डोक्यावर घातली आणि तो सगळ्यांत आधी त्यांच्याच पाया पडायला आला. त्याचा त्यांना जास्त राग आला.

रविवारी तो आला, तेव्हा नाथाजींनी कागद सापडत नसल्याचं सांगितलं. कागद टेबलाच्या खणात, त्यांच्या स्वतःच्या परवान्याच्या फाइलीखाली होता.

"बघा की नीट. हितंच तर दिला व्हता," मोहिद्दीन म्हणाला.

नाथाजींनी कपाट उघडलं, गादी उलटली, वर्तमानपत्रांची रद्दी चाळली. मोहिद्दीन त्यांच्याबरोबर शोधत राहिला. खणाला त्यानं हात लावला नाही; दुसऱ्याचा खण कसा उघडायचा. सोमवार गेला.

त्याच हिवाळ्यात म्हसवडमध्ये एका दवाखान्याच्या इमारतीवर विद्युत निरीक्षक तपासणीला आले. मोहिद्दीन शिडीवर होता. परवाना विचारला, तर म्हणाला की न्हाई, पर मी घार्गे सुभेदारांचा माणूस. निरीक्षकांनी तिथूनच फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. बिनपरवाना माणूस कामावर ठेवला म्हणून आपला परवाना जाईल, एवढं एकच नाथाजींच्या मनात आलं.

"माझा नाही तो," ते म्हणाले. "मी ओळखत नाही त्याला."

मग पलीकडून हळूच एक वाक्य त्यांच्या कानावर आलं: "बरोबर हाय, सायेब. माझंच चुकलं."

निरीक्षकांनी अर्थिंगचं माप घेतलं, तेव्हा ते चोख भरलं. हे नाथाजींना नंतर कळलं. आपलं नाव कुणाला वापरू देऊ नका, अशी समज देणारं एक पत्र त्यांना आलं, परवाना राहिला. मोहिद्दीन मात्र दुसऱ्याचं नाव सांगून कामं घेतो, असं तालुकाभर झालं. कुणी त्याला साधं बटण बदलायलाही बोलावेना. तो लोणंदच्या बाजारात कांदा निवडायला जाऊ लागला. चार वर्षं त्यानं तेच केलं.

नाथाजींनी परवाना असलेला दुसरा तारतंत्री धरला. तो अर्थिंगला मीठ घालत नाही. म्हणून गुडघे दुखत असूनही नाथाजी आता प्रत्येक खड्डा वाकून बघतात.

गेल्या दिवाळीनंतर ते लोणंदला गेले होते. कांद्याच्या ढिगामागं मोहिद्दीन बसलेला दिसला. केस पांढरे झाले होते. त्या खणातल्या कागदाचं आज सांगून टाकावं, असं नाथाजी घरातून ठरवून निघाले होते. ते ढिगासमोर गेले. मोहिद्दीननं वर पाहिलं आणि पायानं पोतं सारून त्यांना जागा करून दिली.

"कसा दिला कांदा?" नाथाजींनी विचारलं.

"ह्यो नगा नेऊ, सुभेदार. वला हाय, घरी सडंल."

"मग कवा येऊ?"

"बेस्तरवारच्या बाजारी या. वाळल्याला माल येतोय."

"बरं," नाथाजी म्हणाले.