माणिकरावांची मुद्दाम चूक

डोंगरकड्याच्या अलीकडे एका गावातल्या हायस्कुलात माणिकराव गणित शिकवायचे. खरं तर ते भूगोलासाठी लागले होते. गणिताचे सर सोडून गेले आणि हेडमास्तरांनी खडू यांच्या हातात दिला, त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अख्ख्या पुस्तकातला एकच धडा त्यांना मनापासून आवडला: ऋण घातांक. त्यात समजायचं काही नाही, नुसतं उचलून ठेवायचं, असं ते म्हणत.

उचलून ठेवायला त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. प्लायवूडची फळी, मधोमध रेघ, रेघेच्या वर-खाली खिळे, खिळ्यांना संख्यांच्या पाट्या. घातांक उणे असला की पाटी रेघेखाली टांगायची आणि उण्याची काडी काढून खिशात टाकायची. झालं सरळ रूप. शाळेत पाहुणे आले की, महिना कोणताही असो, हाच धडा निघायचा. फळी दिसली की पोरं ओळखायची, आज कोणीतरी येऊन राहिलं.

२००२ साली पूर्णाकाठ गणित मंडळाने ‘गणितरत्न’ पुरस्कार जाहीर केला आणि माणिकरावांचं जेवणावरून मन उडालं. त्यांचे साडू रामप्रसाद यांना आदल्याच वर्षी कसलंसं क्रीडारत्न मिळालं होतं, आणि ते भर मे महिन्यातल्या लग्नांत ती शाल पांघरून हिंडत होते.

मंडळाचे अध्यक्ष विश्वंभरराव, निवृत्त हेडमास्तर, पाठ बघायला आले. गुणाकाराची उदाहरणं फळीवर झकास सुटली. विश्वंभररावांनी वहीत ‘उत्तम’ लिहिलं. तिथंच थांबायचं, पण माणिकरावांना चेव चढला. त्यांनी २⁻¹ + ३⁻¹ अशी बेरीज घेतली, दोन्ही पाट्या रेघेखाली टांगल्या, काड्या खिशात टाकल्या. खाली दोन अधिक तीन पाच, वर एक. उत्तर एक छेद पाच, असं ठणकावून सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली.

मागच्या बाकावरून मिना उठली. तांड्यावरून रोज चालत येणारी, एरवी तोंड न उघडणारी पोर.

“सर, हे बराबर वाटंना,” ती म्हणाली. “दोन खाली गेला म्हंजे अर्धी भाकर. तीन खाली गेला म्हंजे तिसरा हिस्सा. अर्ध्या भाकरीत आणखी घातली, तर ती अर्धीहून कमी काहून व्हईल?”

माणिकरावांनी फळीकडे पाहिलं. भाकरीपुढे फळीचं काही चालत नव्हतं. मग ते हसले.

“शाब्बास. मुद्दाम चुकवलं होतं. पाहत होतो, कोण जागं आहे.”

“मीही म्हणूनच गप्प होतो,” विश्वंभरराव म्हणाले, आणि ‘उत्तम’ खोडून त्यांनी ‘अत्युत्तम’ केलं. मिनाला खाली बसायला सांगण्यात आलं.

पुरस्कार मिळाला. मानपत्रात माणिकराव ‘हेतुपुरस्सर चूक अध्यापन पद्धतीचे जनक’ ठरले. पण जनक झालं की पद्धत दाखवावी लागते. मंडळाने हिंगोलीत चाळीस शिक्षकांचं शिबिर ठेवलं. वारंगा फाट्यावर एसटीच्या टपावर फळी चढवून माणिकराव निघाले. खरं उत्तर पाच छेद सहा, हे त्यांनी आदल्या दिवशी मिनाला थांबवून तिच्याकडून समजून घेतलं होतं.

शिबिरात तीच बेरीज, तेच एक छेद पाच. आयुष्यात पहिल्यांदाच चूक खरोखर मुद्दाम होती. आता कोणीतरी उठेल म्हणून ते हसू तयार ठेवून थांबले.

कोणी उठलं नाही. चाळीस माना खाली, चाळीस पेनं चालू. काहीजण पट्टी लावून उत्तराला चौकट आखत होते. पहिल्या रांगेत विश्वंभररावही उतरवून घेत होते.

सांगावं, तर अध्यक्षांसकट सगळ्यांची अब्रू जाते. न सांगावं, तर उद्या चाळीस शाळांत एक छेद पाच जातं. माणिकरावांनी घसा खाकरला.

“काही शंका?”

कोणालाच शंका नव्हती. त्यांनी पुढचं उदाहरण घेतलं.